तात्पर्य नसलेली पुस्तकं घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी साडेचार वर्षांची, राहता घोडबंदर रोडला, शाळा इंग्रजी माध्यमाची. तुम्ही दोघं नोकरीला जाता, दिवसभर घरी आजी असते. वाढदिवसाला कुणीतरी बोधकथांचा मोठा संच दिला. रोज रात्री तुम्ही त्यातली एक गोष्ट वाचायला घेता आणि मुलगी दुसऱ्या पानावर उठून जाते. तिला हवं असतं एकच, बसच्या प्रवासाचं पातळसं पुस्तक, तेही रोज. म्हणून तुम्ही विचारलंय की तिला गोडी लागेल आणि मनात काही चांगलं रुजेल अशा अर्थपूर्ण पुस्तकांची यादी द्या.

यादी देता येईल, पण तिनं तुमची अडचण सुटेल असं मला वाटत नाही. घरात पुस्तकं भरपूर दिसतात. तुम्हाला जे अर्थपूर्ण वाटतं ते तिला नको आहे, आणि तिला जे हवं आहे ते तुम्हाला फुटकळ वाटतंय, अशी ही गाठ आहे. मी आधी बालवाडीत शिकवत होते, आता बरीच वर्षं ठाण्यातच मुलांसाठी लहानसं वाचनालय चालवते. पुस्तक बदलायला येणारे आईवडील हीच तक्रार करतात. अशा भांडणात मी सहसा मुलांच्या बाजूची असते.

आधी, काय काय तुमच्या घरावर अवलंबून आहे ते सांगते. घरात कोणती भाषा जास्त बोलली जाते, वाचून कोण दाखवणार, ते किती दमलेले असतात, मुलगी एका जागी बसणारी आहे की ऐकता ऐकता उशीवरून कोलांट्या मारणारी, यावर पुस्तकाची निवड बदलते. कोलांट्या मारणारं मूल ऐकत नसतं असं मात्र समजू नका. मध्येच एखादं वाक्य गाळून बघा, पलंगाच्या टोकावरून लगेच दुरुस्ती येईल. वयाचे आकडेही सैल धरा. मुखपृष्ठावरचं ‘वय ४ ते ६’ हे प्रकाशकानं विक्रीच्या सोयीसाठी केलेलं अनुमान असतं. माझ्याकडे सात वर्षांची मुलं चार ओळींचं चित्रपुस्तक मन लावून बघतात आणि साडेतीन वर्षांची एक मुलगी लांबलचक गोष्ट मांडी घालून ऐकते.

आता बोधकथांविषयी, कारण खरी मेख तिथेच आहे.

चांगलं ऐकलं की मूल चांगलं वागेल, ही आपली समजूत जुनी आहे. टोरांटो विद्यापीठात कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासून पाहिली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात ३ ते ७ वर्षांच्या मुलांच्या पाठीमागे एक खेळणं ठेवलं आणि ‘मागे वळून बघू नकोस’ असं बजावून त्यांना एकटं सोडलं. मग गोष्ट वाचून दाखवली आणि नंतर विचारलं, ‘वळून बघितलंस का?’ काहींनी ‘लांडगा आला रे आला’ ऐकली होती, काहींनी खोटं बोललं की नाक वाढणाऱ्या बाहुल्याची. काहींनी वडिलांचं चेरीचं झाड तोडून ते कबूल करणाऱ्या लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनची ऐकली होती, आणि तुलनेसाठी काहींना ससा-कासव सांगितली होती. लांडग्याची आणि नाकाची गोष्ट ऐकलेली मुलं ससा-कासव ऐकलेल्यांपेक्षा जास्त खरं बोलली नाहीत. फरक पडला तो वॉशिंग्टनच्या गोष्टीनं, जिथे खरं बोलल्यावर वडील मुलाला जवळ घेतात. तिचा शेवट बदलून वाईट केला तेव्हा तोही परिणाम गेला. पुढे त्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या एका प्रयोगात ४ ते ६ वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची गोष्ट दोन प्रकारे वाचून दाखवली, एकात माणसं आणि दुसऱ्यात कपडे घातलेले प्राणी. नंतर आपल्याजवळचे स्टिकर दुसऱ्यांना द्यायची वेळ आली तेव्हा माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांचा हात सढळ झाला होता, प्राण्यांची ऐकलेल्यांचा नाही.

एकदोन प्रयोगांवरून शिक्कामोर्तब करू नये. पण भिंतीला टेकून बसलेली मुलं मी रोज बघते आणि हे निष्कर्ष मला परके वाटत नाहीत. शेवटी ‘तात्पर्य’ हा शब्द आला की मुलांचे चेहरे मिटतात. परीक्षेतला प्रश्न सुटला, आता उठायला हरकत नाही, असा तो भाव असतो. तुमची मुलगी दुसऱ्याच पानावर उठते याचा अर्थ शेवटी काय येणार हे तिला आधीच कळलंय. हुशार आहे.

याउलट एक गोष्ट सांगते. आमच्याकडे पावसाळ्यात चिऊ-काऊची गोष्ट हटकून होते. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं, तो चिमणीचं दार वाजवतो. ती म्हणते, थांब, बाळाला न्हाऊ घालते, थांब, तीट लावते, थांब, झोपवते. आपण ही इतक्यांदा ऐकली आहे की तिच्यात काही अवघड आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलांच्या येतं. एकदा एका मुलीनं विचारलं, “बाळाला न्हाऊ घालताना दार उघडता येत नाही का?” शेजारचा म्हणाला, “एकटं असलं की दार उघडायचं नसतं.” “पण ती ओळखते त्याला!” मग तळमजल्यावर राहणारा, घरात पाणी शिरलेलं पाहिलेला एक मुलगा म्हणाला, “आमच्याकडे पाणी आलं तेव्हा वरच्या काकूंनी लगेच दार उघडलं होतं.” क्षणभर सगळे गप्प. मग ‘चिमणी वाईट आहे’ आणि ‘चिमणी दमली होती’ असे दोन तट पडले आणि वाद चपला घालेपर्यंत चालला.

मी त्यात पडले नाही. पुस्तकात खाली ‘तात्पर्य: घर भक्कम बांधावे’ असं छापलेलं असतं, तर यातलं काहीही घडलं नसतं. शिवाय या गोष्टीचं तात्पर्य नक्की काय हो? कावळा आळशी होता की चिमणी कोरड्या मनाची? काही घरांत शेवटी कावळ्याला चटका बसतो, काही घरांत तो आत येऊन गुपचूप खीर खातो. प्रत्येक आजीनं आपल्या स्वभावाप्रमाणे शेवट केलाय. मदत कधी करायची, दार कुणाला उघडायचं, आधी आपलं बाळ की दारातला भिजलेला, हे मोठ्यांनाही न सुटलेले प्रश्न आहेत आणि ते साडेचार वर्षांच्या मुलीला समजेल अशा आकारात तिच्यापुढे येतात. मी अर्थपूर्ण म्हणते ते याला. गोष्ट वाचून झाल्यावर मुलानं काहीतरी विचारलं, हरकत घेतली, स्वतःच्या घरातलं काही आठवून सांगितलं, तर ते पुस्तक राहू द्या. एखादं मूल लगेच बोलत नाही. तीन दिवसांनी अंघोळ करताना बोलतं. तेही धरा.

बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२०च्या दशकात गुजरातेतल्या भावनगरच्या बालमंदिरात गोष्टीला असंच मानाचं स्थान दिलं होतं. ताराबाईंचं पुढचं काम बोर्डी आणि कोसबाडला झालं. ती गावं २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यातलीच. शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे रुजवलेली ही गोष्ट आपण वाढदिवसाच्या संचांच्या नादात विसरतो, याचा मला कधी कधी राग येतो.

तुमचा तो संच टाकून देऊ नका. त्यातल्या चार-दोन बऱ्या गोष्टी निवडा, तात्पर्याची ओळ वाचू नका, आणि जमलं तर शेवटच्या आधीच थांबून ‘आता गं?’ एवढंच विचारा.

नवीन पुस्तक घेताना मी काय बघते ते सांगते. दुकानात उभ्या उभ्या पहिली दोन पानं मोठ्यानं वाचा. लाजू नका, दुकानदारांना सवय असते. जीभ अडखळली तर पुस्तक खाली ठेवा. ‘ती अत्यंत आनंदित झाली व तिने आपल्या मातेस आलिंगन दिले’ अशी मराठी तुमच्या घरात कुणी बोलतं का? पुस्तकातली भाषा घरातल्यापेक्षा थोडी श्रीमंत असावी, एखादा नवा शब्द यावाच, पण तिला ताल हवा. ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ मुलांना एका ऐकण्यात पाठ होतं ते त्या तालामुळे. अनुवादित पुस्तकांत हा घोळ जास्त असतो. चित्रं सुंदर, विषय छान, आणि वाक्य मात्र शेपटीकडून सुरू झालेलं. असं पुस्तक आवडलंच तर घ्या आणि पेन्सिलीनं वाक्यं सुधारून आपल्या तोंडाला येईल तसं वाचा. मी बिनदिक्कत करते.

नंतर मजकूर हातानं झाकून नुसती चित्रं बघा. चांगल्या चित्रपुस्तकात चित्र मजकुराच्या पुढे असतं. ओळीत ‘आई भाजी आणायला गेली’ एवढंच असेल, पण चित्रात पिशवीतून शेंगा सांडत असतात आणि मागून मांजर येत असतं. ते मांजर मुलांना आधी दिसतं, आपल्याला चौथ्या वाचनात. वाचता न येणाऱ्या मुलाला इथे मोठ्या माणसापेक्षा जास्त कळतं, आणि त्याचा त्याला केवढा अभिमान असतो! स्वस्तातल्या दहा पुस्तकांच्या पाकिटात हेच नसतं. सगळ्या मुलांना एकच चेहरा, एकच हसू, झाडंही एकाच साच्यातली. त्याच पैशांत दोन नीट पुस्तकं येतात, ती घ्या.

पुस्तकातलं जग कुणाचं आहे तेही बघा. जुन्या मराठी बालपुस्तकांत अंगण, विहीर, गोठा असतो. तो असावाच. पण अठराव्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीला लिफ्ट, वॉचमनकाका, बंद खिडकीबाहेरचं कबुतर आणि उशिरा घरी येणारी आईही पुस्तकात भेटायला हवी. तिच्याइतक्याच जवळ, पण तिनं न पाहिलेलं ठाणंही आहे. येऊरच्या पाड्यांवर राहणारी वारली मुलं आहेत, चेंदणीच्या कोळीवाड्यातली घरं आहेत. दर हिवाळ्यात ऐरोली-नेरूळच्या बाजूला खाडीत गुलाबी रोहित पक्षी उतरतात आणि उन्हाळा संपता संपता जातात. पक्ष्यांचं पुस्तक वाचून एका रविवारी खाडीकाठी नेलं, तर ते पुस्तक तिच्यासाठी वेगळंच होऊन जातं. मात्र गरीब मूल म्हणजे बिचारं आणि आदिवासी म्हणजे नाचणारा, एवढंच दाखवणारी पुस्तकंही निघतात. ती मी परत ठेवते.

भीती, मत्सर, मरण असे विषय टाळू नका. धाकट्या भावंडाचा राग येणारी मुलगी पुस्तकात भेटली की मुलांना हायसं वाटतं. पण घरात कुणी गेल्यावर धावाधाव करून त्या विषयाचं पुस्तक आणून समोर ठेवणं मला पटत नाही. अशी एकदोन पुस्तकं आधीपासून कपाटात असावीत. ज्या दिवशी लागतं त्या दिवशी मूल स्वतः काढतं.

आता ते बसचं पुस्तक. कृपा करून काढून घेऊ नका. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या २०११च्या एका अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांच्या एका गटाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली आणि दुसऱ्या गटाला तेच नवे शब्द असलेल्या वेगवेगळ्या गोष्टी. शब्द जास्त पक्के झाले ते एकच गोष्ट ऐकणाऱ्यांचे. पहिल्यांदा ऐकताना मूल पुढे काय होतं याच्या मागे असतं. ते कळल्यावर शब्दांकडे, चित्राच्या कोपऱ्यांकडे, कंडक्टरच्या चेहऱ्याकडे बघायला मोकळं होतं. पुढे काय येणार हे आपल्याला ठाऊक आहे, हा आनंदही आहेच. दिवसभर तिच्या आयुष्यात सगळं दुसरेच ठरवतात, या बारा पानांत काय होणार ते तिला माहीत असतं.

त्यातून बाहेर पडायची घाई तुम्हाला असेल तर वाट त्याच पुस्तकातून काढा. बसचं आवडतं म्हणजे नेमकं काय आवडतं? चाकं? तिकीट? वेगवेगळी माणसं चढणं-उतरणं? हे तिच्याकडून काढून घ्या, ‘बसचा रंग कोणता’ असे प्रश्न न विचारता. ते परीक्षेचे प्रश्न आहेत, त्यांचं उत्तर तुम्हाला माहीत असतं. ‘ही बाई कुठे चालली असेल?’ विचारा, किंवा नुसतं ‘अगं, हा बघ’ म्हणून थांबा. आमच्याकडची बसवेडी मुलगी माणसांसाठी वेडी होती. तिला बाजाराचं, मग लग्नघराचं पुस्तक दिलं. बस मागे पडली ते तिलाही कळलं नाही. सुट्टीच्या दिवशी टीएमटीच्या बसनं तलावपाळीपर्यंत आणलंत तर उत्तम.

भाषेचा तुम्ही मुद्दाम प्रश्न केला नाहीत, पण ‘शाळा इंग्रजी आहे, मराठी पुस्तकांनी गोंधळ होईल का’ असं कंसात लिहिलंय. होत नाही. रात्रीचं वाचन तुमच्या स्वतःच्या भाषेत करा, कारण त्याच भाषेत तुम्ही विनोद करता, आवाज बदलता, मध्येच आपल्या लहानपणीचं सांगता. घरात इंग्रजी चित्रपुस्तकं असतील तर चित्रं दाखवत मराठीत सांगा. अक्षरओळखीची घाई मात्र या वेळात नको. ‘हा क कुठे आहे दाखव’ सुरू झालं की गोष्ट मेली. २०२०च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे, त्यामुळे अक्षरं शाळेत येतीलच. कानात मराठी मुरलेली असली तर ती जडही जाणार नाहीत.

आणि आजी! त्यांचा उल्लेख तुम्ही फक्त ‘दिवसभर आजी असते’ एवढाच केलाय. त्यांना बारीक टाइप दिसत नसेल तर पुस्तक हातात देऊ नका, गोष्ट सांगू द्या. त्या मालवणी किंवा आगरी बोलत असतील तर तशीच येऊ द्या, शुद्ध करायला लावू नका. फक्त आईवडील आणि आजी यांच्यात एक ठरवा: पुस्तक शिक्षा किंवा बक्षीस म्हणून वापरायचं नाही. ‘जेवलीस तरच गोष्ट’ हे मला पसंत नाही.

मिळवायचं कुठून? विकत घेण्याआधी आणून वाचा. ठाण्यात १८९३ साली सुरू झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. मुलीला बरोबर न्या, कपाटांमधून फिरू द्या. राष्ट्रीय पुस्तक न्यासाच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली मराठी पुस्तकं खिशाला परवडतात. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं मी डोळे झाकून नाही, पण निर्धास्तपणे सुचवते. त्यातली बरीचशी मुळात मराठीत सुचलेली असल्यामुळे भाषा अडखळत नाही. चेन्नईच्या तूलिकाची काही पुस्तकं मराठी-इंग्रजी दोन्ही मजकूर एकाच पानावर देतात, तुमच्या घराला ती सोयीची. २००४ साली सुरू झालेल्या प्रथम बुक्सची पुस्तकं स्वस्त असतात, आणि त्यांच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं फुकट वाचता येतात. तिथे पातळी १ ते ४ असे टप्पे आहेत, तुम्ही १ आणि २ बघा. तिथे कुणालाही अनुवाद करता येतो, त्यामुळे मराठी कधी झकास, कधी ओबडधोबड. आधी स्वतः वाचा. निवडायला पडदा ठीक आहे, रोज वाचायला छापील पुस्तक घ्या. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतंय, पण ते तिला आठ-नऊ वर्षांची झाल्यावर.

एका वेळी घरात नवी दोन-तीनच आणा. त्यातलं एक तुमच्या आवडीचं, एक तिनं स्वतः उचललेलं, ते तुम्हाला कितीही भडक वाटलं तरी. तुमच्या आवडीचं यासाठी की ते वाचताना तुम्हाला कंटाळा येता कामा नये. आईबाबांचा कंटाळा मुलांना आवाजात ऐकू येतो. नवं पुस्तक लगेच वाचायला घेऊ नका. तिच्या हाताला लागेल असं, मुखपृष्ठ दिसेल असं ठेवा आणि दोन दिवस विषय काढू नका.

जाता जाता तुम्ही धाकटा दीड वर्षाचा असल्याचं लिहिलंय आणि तो पानं फाडतो म्हणून त्याला वेगळं बसवता. त्याला जाड पुठ्ठ्याची दोन पुस्तकं द्या, एका पानावर एकच वस्तू असलेली: वाटी, बूट, केळं, कुत्रा. तो चावेल, उलटी धरेल, चार पानं एकदम उलटेल. ताईची गोष्ट चालू असताना त्याला तिथेच मांडीवर बसू द्या. फाटलेलं पान चिकटपट्टीनं जोडायचं काम ताईकडे द्या, तिला ते फार आवडेल.